गेमिंग लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्डाचे वॅट आधी बघा

दोन लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्डाचं ‘आरटीएक्स ४०६०’ हेच नाव असतं, पण गेममध्ये एक पळतो आणि दुसरा रखडतो. बऱ्याचदा फरक वॅटचा असतो. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने या लॅपटॉप चिपला ३५ ते ११५ वॅट वीज वापरायची मुभा दिली आहे. किती द्यायचे ते लॅपटॉप कंपनी ठरवते. पातळ, देखण्या मॉडेलमध्ये सहसा कमी मिळतात.

१. कंपनीच्या साइटवर नेमक्या मॉडेल नंबरच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्स ग्राफिक्स पॉवर’ (म्हणजे ग्राफिक्स कार्डाला मिळणारे वॅट) शोधा. ‘११५+२५’ असं लिहिलं असेल तर वरचे २५ डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरला गरज नसताना त्याच्याकडून वळवलेले; ते कायम मिळत नाहीत.

२. दुकानात डेमो पीस असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ बघा. आकडा तिथेच दिसतो. विक्रेत्याला विचारत बसू नका.

३. ‘मक्स स्विच’ (MUX) आहे का तेही बघा. असेल तर चित्र प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समधून न जाता कार्डाकडून थेट स्क्रीनवर जातं, दर सेकंदाच्या फ्रेम वाढतात.

वरच्या आरटीएक्स ४०७० कार्डासाठी जादा पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात घ्या: लॅपटॉपच्या ४०६० आणि ४०७० दोन्हींत कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबीच आहे.

आणि हे वॅट चार्जर लावलेला असतानाचे. बॅटरीवर सहसा तेवढे मिळत नाहीत.