पोट्ट्याला शिकारीचा नाद लागलाय? आधी त्याला तीरकमठा शिकवा, अन् स्वतःही शिका

आजकाल गावागावात तेरा-चौदा-पंधराची पोट्टे मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात, बाप-लेक झाडावर मचाण बांधून बसलेत, हातात कम्पाऊंड धनुष्य, खाली हरीण येते अन् मग घरी येऊन विचारतात, आई आपल्याला काऊन नाही करता येत हे. माझ्या मुलानंही विचारलं अन् शेजारच्या दोघांनीही. मी शेती करते, आमचं वावर वर्धा जिल्ह्यात बोरच्या जंगलापासून फार लांब नाही, म्हणून हा प्रश्न मला साधा वाटला नाही अन् त्याचं उत्तर नीट द्यायचं ठरवलं. नुसतं नाही म्हटलं तं हे वय ऐकत नाही, त्याला काहीतरी खरं द्यावं लागते.

आधी कायद्याचं, कारण इथं अर्धवट माहितीनं पोरगं अडकू शकते. तिकडे अमेरिकेत राज्य सरकारचं लायसन काढावं लागते, शिकारीचा सीझन ठरलेला, जनावर ठरलेलं, बऱ्याच ठिकाणी पोरांना आधी सेफ्टीचा कोर्स करावा लागते. आपल्याकडे तसलं काहीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे अन् त्यात शिकारीला बंदी आहे, फक्त वाघ-बिबट नाही, ससा, तितर, रोही (नीलगाय), रानडुक्कर, चितळ सगळे आले. अन् शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं, हाकलून आणणं, आमिष लावणं, तसा प्रयत्न करणं, पाखराची अंडी काढणंसुद्धा त्याच व्याख्येत येते. त्याच कायद्यात हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे अन् अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाणं हाच गुन्हा आहे, एकही बाण सोडला नाही तरी. म्हणून बोर, ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा, यातल्या कुठल्याही जंगलाकडे सहज फिरायला जाताना धनुष्य गाडीत नाही म्हणजे नाही. हे पोराला पहिल्याच दिवशी सांगा, ओरडून नाही, बसवून सांगा.

डुकरांचं दुःख मला माहीत आहे. हरभरा झोपवतात, भुईमूग उकरतात, जागल करून करून माणूस थकते. पण त्याचा रस्ता वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, नुकसानभरपाई हाच आहे, अन् पीक वाचवायला जनावर मारायची वेळ आली तरी ती कलम ११ खाली अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनंच, आपल्या मर्जीनं नाही. चौदा वर्षांच्या लेकराचं तं ते कामच नाही.

मग पोराला द्यायचं काय? त्या व्हिडिओत त्याला खरं आवडते काय ते बघा. चुपचाप उभं राहणं, अंतराचा अंदाज, श्वास धरणं, अन् बाण जिथं पायजे तिथं लागणं. हे सगळं आर्चरीत, म्हणजे धनुष्यबाणाच्या खेळात आहे. अन् आपल्या विदर्भात हे परकं नाही, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंड-माडिया लोकांकडे तीरकमठा पिढ्यांपिढ्या आहे. तुमच्या ओळखीत तिकडचं कुणी म्हातारं माणूस असेल तं पोराला घेऊन जा, बांबू कोणता घेतात, कधी तोडतात, दोरी कशी वळतात हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. मानवेल बांबू भरीव असते म्हणून त्याला मान आहे. फक्त घरी ओल्या बांबूचं धनुष्य करून लगेच खेचायला देऊ नका, तडकलं तं चेहऱ्याजवळच तडकते.

आता सामान. तीन प्रकार लक्षात ठेवा. इंडियन राऊंडचं (आपल्या देशातल्या स्पर्धांचा एक प्रकार) बांबूचं धनुष्य, हे स्वस्त, काही हजारांत येते अन् शाळेच्या स्पर्धांतही चालते. दुसरं रिकर्व्ह, ऑलिम्पिकमधलं, मधली मूठ वेगळी अन् वरखालच्या पट्ट्या वेगळ्या, स्पर्धेचा पूर्ण सेट लाखाच्या वर जाते. तिसरं कम्पाऊंड, चाकांचं, व्हिडिओतलं, पोराला तेच पायजे असते. मी म्हणते सुरुवात त्यानं नको. कम्पाऊंडमधे पूर्ण खेचल्यावर वजन कमी लागते म्हणून सोपं वाटते, पण हात, खांदा, पाठ शिकायची ती साध्या धनुष्यावरच शिकली जाते. पहिलं वर्ष बांबू किंवा साधं लाकडी रिकर्व्ह बस झालं, अन् जवळ क्लब असेल तं पहिले काही महिने विकत घ्यायचंच नाही, त्यांचंच वापरा. वाढत्या वयाचं लेकरू आहे, सहा महिन्यांत हात लांब होतात.

सगळ्यात जास्त जे चुकते ते वजन. धनुष्याचं वजन म्हणजे ते खेचायला किती पाउंड जोर लागते ते. तेरा-चौदाच्या पोराला १४ ते १८ पाउंड पुरे आहे, मग तो वावरात पोती उचलत असला तरी, कारण हा जोर पाठीच्या वेगळ्याच स्नायूंचा आहे. घरातला मोठा माणूस म्हणेल अरे हे तं पोरीसोरीचं धनुष्य आहे, त्याचं ऐकू नका. पूर्ण खेचून दहा सेकंद न थरथरता धरता आलं, अन् असं लागोपाठ पाच-सहा वेळा जमलं, तरच दोन पाउंड वाढवायचा विचार करा. जड धनुष्य घेतलं की पोरगं मान वाकडी करते, खांदा वर चढवते, अन् एकदा ती सवय लागली की काढायला वर्ष जाते, खांदा दुखावतो तो वेगळाच.

घ्यायच्या आधी घरीच दोन गोष्टी करून बघा. एक, डोळा. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मधे छोटी फट करायची, त्यातून दूरचं एखादं झाड दोन्ही डोळ्यांनी बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं झाड फटीतच राहते तो पोराचा मुख्य डोळा. उजवा असेल तं उजव्या हातानं दोरी खेचायची, डावा असेल तं डाव्यानं, जेवायचा हात कोणता का असेना, सुरुवातीलाच हे केलं तं पुढं नेमाचा घोळ होत नाही. दोन, खेच किती. दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा, अडीचनं भागा, साधारण तेवढी त्याची खेच, म्हणजे दोरी किती लांब ओढायची ते. ६५ इंच आले तं २६ इंच. बाण त्यापेक्षा निदान दोन इंच लांब घ्या, नवशिक्याचा बाण आखूड असला तं खेचताना मागं येऊन हातावर पडू शकते. हाताचं गार्ड अन् बोटांचं चामडी टॅब सोबतच घ्या, नंतर घेऊ म्हणाल तं पहिल्याच आठवड्यात दोरी कोपराजवळ लागून हात काळानिळा होते अन् पोरगं घाबरून कोपर वाकवायला लागते.

टार्गेट घरीच होते. भंडारा-गोंदियाकडे धानाचं तणस आहे, आपल्याकडे गव्हाचं कुटार (भुसा). बारदानात ठासून भरा, अगदी पाय देऊन देऊन, नाहीतर बाण आरपार जाते. जुने कपडे, खताच्या रिकाम्या पिशव्या पण चालतात पण बटण, चेन, तार काही नको, अन् बारदान अडकवायला खिळे ठोकलेली फळी पण नको. चार पोती एकावर एक रचून दोरखंडानं बांधली की झालं. जागा मात्र विचार करून निवडा, सोयाबीन निघाल्यावर रिकामं वावर मिळते तेव्हा बरं पडते. टार्गेटच्या मागं पांदण नको, गोठा नको, शेजाऱ्याच्या तुरीत कुणी काम करत असेल अशी बाजू तं अजिबात नको. मागं उंच धुरा (वावराचा बांध) किंवा मातीचा ढीग असला तं उत्तम, नसला तं पोती रचून भिंत करा. हलकं धनुष्य आहे म्हणून बाण जवळच पडेल असं समजू नका, वर तोंड करून सुटला तं शंभर मीटर सहज जाते. म्हणून आकाशाकडे बाण कधीच नाही, ही गंमत गावात प्रत्येक पोट्टा एकदा तरी करायला बघते.

शिट्टी घ्या एक. स्पर्धेत जे चालते तेच घरी लावा, दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सोडा, तीन म्हणजे बाण आणायला चला, पाच किंवा जास्त म्हणजे जिथं आहे तिथं थांबा, बाण उतरवा. कुत्रं आलं, लहान भाऊ धावत आला, बैल सुटला, पाच शिट्ट्या. दोघंच असलात तरी हे पाळा. बाण काढताना बाजूला उभं राहायचं, एक हात टार्गेटवर दाबून दुसऱ्या हातानं बाण टार्गेटाला लागून धरून सरळ ओढायचा, मागं कुणी उभं नको, डोळ्यात जाते. फायबर अन् कार्बनचे बाण दरवेळी हलके वाकवून कानाशी धरा, कडकड आली तं तो बाण तोडून टाका, वापरू नका. अन् बाण न लावता दोरी खेचून सोडायची नाही, कधीच नाही, सगळा जोर धनुष्यात जाते अन् पट्टी फुटते.

शिकवायचं कसं, तं पहिले काही दिवस बाणच नाही. रबरी पट्टा किंवा जुनी सायकलची ट्यूब घेऊन खेचायचं. पाय खांद्याएवढे फाकून, अंग टार्गेटला आडवं, धनुष्याचा हात लांब पण कोपर कुलूप लावल्यागत ताठ नाही, दोरी हनुवटीखाली आणून दरवेळी त्याच जागी टेकवायची, दोन्ही खांदे खाली. जोर हातानं नाही, पाठीच्या पाख्या (खांद्यामागची चपटी हाडं) एकमेकींकडे आणून. हे जमलं की पाच मीटरवर उभं करा, फक्त पाच, अन् टार्गेटवर वर्तुळं नकोत, कोरं बारदान. नेम लागला का ते बघायचं नाही, बाण एका ठिकाणी जवळजवळ बसतात का ते बघायचं. तीन बाण ताटलीएवढ्या जागेत बसायला लागले की आठ मीटर, मग दहा, मग अठरा. पोरगं तिसऱ्याच दिवशी तीस मीटर मागते, देऊ नका. बाण सुटल्यावर हात लगेच खाली टाकते ते पण बघा, बाण टार्गेटात लागेपर्यंत तसंच उभं राहायचं.

अन् आता माझं खरं म्हणणं. पोराला रेषेवर उभं करून आपण बाजूला खुर्ची टाकून सूचना देत बसलो तं महिन्याभरात हे सुटते. तुम्ही पण धनुष्य धरा, बाप असो की आई, तुमचं धनुष्य पण हलकंच घ्या. या वयात लेकरू घरात फारसं बोलत नाही, पण दोन जण शेजारी उभं राहून तीन तीन बाण सोडतात, मग सोबत चालत जाऊन काढतात, त्या चालण्यात ते आपसूक बोलते, शाळेचं, मित्रांचं, कधी कधी जे एरवी कधीच बोललं नसतं ते. अन् तुमचा बाण त्याच्यापेक्षा वाईट बसला तं त्याला तुमचं काय चुकलं ते सांगू द्या. खांदा वर जातोय आई, हे तो बरोबर सांगते, अन् दुसऱ्याचं बघून स्वतःचं सुधारते. दिवसाला ३० ते ४० बाण पुरे, थकल्यावर सोडलेला प्रत्येक बाण चुकीची सवय लावते.

शिकारीच्या व्हिडिओतली मजा हवी असेल तं फिल्ड आर्चरी करा. जगात याच्या रीतसर स्पर्धा आहेत, फोमची जनावरं ठेवून पण होतात त्याला थ्रीडी म्हणतात, फिल्डमधे चढउतारावर २४ टार्गेट असतात अन् काहींचं अंतर सांगितलेलं नसते, डोळ्यानं ओळखायचं. आपल्या वावरात हे सहज होते. बारदानावर गेरूनं रानडुक्कर काढा, धुऱ्याच्या पायथ्याशी वेगवेगळ्या अंतरावर तीन-चार ठेवा, मागं मातीचा आडोसा बघूनच, आधी दोघांनी अंतर बोलून दाखवायचं, मग पावलं मोजायची, मग मोजलेल्या जागेवरून बाण. जंगलाची ओढ वेगळी भागवा, सकाळी वावराच्या कडेला खुरांचे ठसे बघा, रोही कुठून आला, डुक्कर कुठं लोळलं, हे वाचायला शिकवा, त्याला धनुष्य लागत नाही.

आपल्या हवेचं थोडं. एप्रिल-मे मधे पारा ४५ कडे जाते, तेव्हा सकाळी सात-आठपर्यंतच, अन् धनुष्य टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका, चिकटवलेल्या पट्ट्या सुटतात. बांबूचं असेल तं दोरी उतरवून आडवं टांगा, चुलीपासून लांब. दोरीला मेण लावत राहा, एक जरी धागा तुटलेला दिसला तं दोरी बदला. पावसाळ्यात खऱ्या पिसांचे बाण भिजून बसतात, प्लास्टिकची पिसं घ्या. अन् गवतात हरवलेला बाण शोधताना हात घालायचा नाही, बूट घालून काठीनं गवत बाजूला करत, घोणस असते.

सहा-आठ महिन्यांनी पोरगं टिकलं तं पुढं न्या. शाळेच्या पीटीच्या सरांना भेटा, शालेय क्रीडा स्पर्धांत आर्चरी आहे, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात तारखा अन् फॉर्म मिळतात. इंडियन राऊंडमधे मोठ्यांचं अंतर ५० अन् ३० मीटर, रिकर्व्हमधे ७० मीटरवरून १२२ सेंटीमीटरचं टार्गेट, कम्पाऊंडमधे ५० मीटरवरून ८० सेंटीमीटरचं, लहान गटांना अंतर कमी. अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत साताऱ्याचा प्रवीण जाधव घडला अन् टोकियो ऑलिम्पिकला गेला. नागपूरचा ओजस देवतळे उलट साताऱ्याला जाऊन शिकला, ऑगस्ट २०२३ मधे बर्लिनला कम्पाऊंडचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, फायनलला १५ बाण अन् १५० गुण, म्हणजे सगळे दहात, अन् त्याच स्पर्धेत साताऱ्याचीच आदिती स्वामी १७ व्या वर्षी चॅम्पियन झाली. पोराला कम्पाऊंडच पायजे असेल तं हे सामने दाखवा, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधे कम्पाऊंडची मिक्स टीम (एक पुरुष अन् एक बाई अशी जोडी) येते आहे.

पहिल्या स्पर्धेला जाताना जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो आधीच फाईलमधे लावा, बाणांवर पोराचं नाव लिहा कारण तिथं सगळ्यांचे बाण एकाच टार्गेटात असतात, एक जास्तीची दोरी, दोन जास्तीचे बाण, टोपी अन् पाणी. घरच्या बारदानावर त्यानं जे अंतर पक्कं केलंय त्यापेक्षा जास्त अंतराच्या गटात नाव घालू नका, सर आग्रह करतील तरी.