स्तनांची तपासणी: घरी काय बघायचं, मॅमोग्राफीला कसं जायचं

स्तनाच्या कर्करोगात उशीर होतो तो बऱ्याचदा एकाच समजुतीपायी: दुखत नाही ना, मग काळजी कशाला? या रोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन ठणकतात, तेव्हा कारण बहुधा हार्मोन्सचं असतं.

घरी बघायचं तर पाळी संपल्यावर तीन ते पाच दिवसांनी. त्याआधी स्तनांना सूज असते, सगळीकडे गाठीच लागतात आणि उगाच घाबरगुंडी उडते. पाळी बंद झाली असेल तर महिन्याची एक तारीख धरा.

आधी आरसा आणि चांगला उजेड. हात सैल सोडून बघा, मग डोक्यावर नेऊन, मग कमरेवर घट्ट दाबून. ही तिसरी पायरी गाळू नका: छातीचे स्नायू ताणले की आतून ओढली गेलेली त्वचा खळीसारखी दिसते. दोन्ही स्तन थोडे लहानमोठे असणं नेहमीचंच. बघायचा तो अलीकडे पडलेला फरक. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड झाली, बोंड नव्याने आत ओढलं गेलं, बोंडावरचा इसबासारखा चट्टा जाईना, न दाबता एकाच बाजूने रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव आला, काखेत गाठ लागली, तर डॉक्टरांना दाखवा.

मग पाठीवर झोपा. उजवा स्तन बघताना उजव्या खांद्याखाली टॉवेलची घडी आणि उजवा हात डोक्याखाली; म्हणजे स्तन छातीवर पसरतो. डाव्या हाताची मधली तीन बोटं वापरा, पण टोकं नाहीत, शेवटच्या पेरांचा मऊ भाग. काखेपासून सुरुवात करून गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांनी, बोटं न उचलता, छातीच्या मधल्या हाडापर्यंत या. प्रत्येक जागी छोटं वर्तुळ तीनदा: हलक्या दाबाने, मध्यम दाबाने, आणि बरगडी लागेल इतक्या जोराने. चिमटीत धरून बघितलं की निरोगी भागही गाठ वाटतो. काखेकडचा वरचा भाग घाईत सुटतो, आणि जवळपास निम्मे कर्करोग तिथेच निघतात. स्तनाच्या खालच्या कडेचा घट्ट उंचवटा मात्र बहुतेकींना असतो.

गाठ लागली तर? बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पाण्याची गाठ असते किंवा फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली घट्ट गाठ. पण हे बोटांनी ठरत नाही. मागचा मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) चांगला होता म्हणून नवी गाठ सोडून देऊ नका. दोन तपासण्यांच्या मधेही कर्करोग होतो. सुई टोचली की रोग पसरतो, या भीतीपायी बायोप्सी (गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं) टाळणं तर फारच महागात पडतं.

हाताच्या तपासणीवर सगळी भिस्त मात्र ठेवू नये. शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, स्वतःची तपासणी नीट शिकवूनही मृत्यू कमी झाले नाहीत. निष्कर्ष 2002 मध्ये आले. मॅमोग्राफीत हाताला न लागणारी गाठ आणि चुन्याचे बारीक कण दिसतात, म्हणून लक्षण नसतानाच ती करायची. वयाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटना 50 ते 69 या वयात दर दोन वर्षांनी सुचवते; अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटाने 2024 मध्ये 40 ते 74 असं वय सांगितलं. आई किंवा बहिणीला कमी वयात हा रोग झाला असेल, तर याहून आधी डॉक्टरांशी बोला. एमआरआयही लागू शकतो. घरात कुणालाच नव्हता म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक रुग्णांच्या घरात तो नसतोच.

मॅमोग्राफीची तारीख पाळीनंतरच्या आठवड्यातली घ्या, दुखणं कमी होतं. त्या दिवशी डिओडरंट, पावडर, क्रीम नको; त्यातले कण फोटोत चुन्याच्या ठिपक्यांसारखे उमटतात. वरचा आणि खालचा कपडा वेगळा घाला, जुने फोटो आणि रिपोर्ट सोबत न्या. गरोदरपण, अंगावर पाजणं, इम्प्लांट असेल तर आधीच सांगा. प्रत्येक स्तनाचे सहसा दोन फोटो निघतात. त्यासाठी स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, दाब काही सेकंदांचाच. तो नकोसा वाटतो, पण सैल राहिला तर फोटो हलतो आणि पुन्हा काढावा लागतो.

रिपोर्टमधला बाय-रॅड्स आकडा, म्हणजे फोटोत काय दिसलं याची श्रेणी, नीट वाचा. शून्य म्हणजे 'काही नाही' असं समजून फाईल कपाटात जाते. पण शून्याचा अर्थ चित्र अपुरं, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. एक आणि दोन म्हणजे काळजीचं नाही, तीनला साधारण सहा महिन्यांनी पुन्हा, चार आणि पाचला बायोप्सी. 'दाट स्तन' (चरबी कमी, ग्रंथींचा भाग जास्त) लिहिलं असेल तर सोनोग्राफीबद्दल विचारा. दाट भाग आणि गाठ दोन्ही पांढरीच दिसतात.

दुसरीला तयार करायचं असेल, तर 'करून घे गं' एवढ्याने भागत नाही. तारीख तुम्हीच घ्या, फोटो काढणारी बाई आहे का ते विचारून ठेवा, सोबत जा. घरातल्या पुरुषांनाही सांगा: शंभरातला सुमारे एक रुग्ण पुरुष असतो, आणि तो गाठ दाखवायला लाजतो. पुन्हा फोटोसाठी बोलावलं म्हणजे कर्करोग निघालाच असं नाही, हेही जाण्याआधीच सांगून ठेवा. नाहीतर ती घाबरून दुसऱ्यांदा जायचीच नाही.