वाचवलेले पैसे जातात कुठे? कर्ज फेडताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब लिहितो. शनिवारी पगार वाटताना उचल कापायचं काम माझंच, त्यामुळे कुणाच्या डोक्यावर किती आहे ते न विचारताच कळतं. चार वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यावर क्रेडिट कार्डाचे 40 हजार, गाडीचा हप्ता आणि मेव्हण्याचे हातउसने होते. तेव्हा पुढचं सगळं आधी स्वतः चुकून मग लिहिलेलं आहे.

वाचवलं, पण भरलंच नाही

कर्ज झालं की सगळेच काटकसरीला लागतात. टपरीवरचा चहा बंद, रविवारचं मटण पंधरा दिवसांवर, भाजी मंगळवार बाजारातून. महिनाअखेरीला विचारा, किती वाचले? "वाचले असतील की हजार-बाराशे." कुठायत? तिथं गाडी अडते.

सोलापुरात तेव्हा नळाला पाणी रोज येत नव्हतं, म्हणून आमच्याकडे पिण्याचा जार विकत यायचा. बायकोनं तो बंद केला आणि पाणी गाळून-उकळून वापरायला लागली. महिन्याला सहाशे रुपये वाचणार होते. मी कौतुकानं वहीत दोन रकाने आखले, डावीकडे 'वाचले', उजवीकडे 'भरले'. सहा आठवड्यांनी वही उघडली तर डावा रकाना खालपर्यंत भरलेला आणि उजवा कोरा. पैसे खात्यातच होते आणि खात्यातूनच नवी पेठेत गेले. पोरीचा ड्रेस, एक प्रेशर कुकर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळणा आणि भजी. उधळपट्टी म्हणावी असं त्यात काही नव्हतं, पण कर्ज होतं तिथंच राहिलं.

त्यानंतर शनिवार ठरवला. आठवड्यात जे वाचलं ते त्याच संध्याकाळी मोबाईलवरून कार्डाला भरायचं, दीडशे असो की चारशे. कार्डाचं बिल तारखेआधी, तुकड्या-तुकड्यानं भरता येतं. बँकेच्या कर्जात मात्र मधेच रक्कम भरायचे नियम वेगळे असतात. कुठं किमान रक्कम लागते, कुठं दंड लागतो. घरकर्जाचा व्याजदर बदलता असेल तर वैयक्तिक कर्जदाराला आधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. बाकी कर्जांचं आधी विचारून घ्या, आणि तोवर पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याचं एटीएम कार्ड खिशात नाही अशा.

'मिनिमम' भरून निवांत झोपणं

40 हजार थकलेत, बिलावर किमान रक्कम 2,000 दिसते, आपण ती भरतो. महिना साडेतीन टक्के धरला तर व्याजच 1,400. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 252. दोन हजारांतून मुद्दलात गेले 348. शिवाय पूर्ण बिल भरलेलं नसलं की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. अशा कार्डावर किराणा भरून 'पॉइंट' जमवणारे माझ्या ओळखीत तिघं आहेत. एक मी होतो.

टक्का महिन्याचा की वर्षाचा?

कार्ड सोडलं तर बँक कर्जाचा टक्का सांगते तो वर्षाचा, सावकार सांगतो तो महिन्याचा. 'शेकडा पाच' ऐकायला बारीक वाटतं, पण वर्षाला ते साठ होतात. आमच्याकडचा एक माग चालवणारा वर्षाला चौदा टक्क्यांच्या पतसंस्थेचा हप्ता नेमानं भरायचा आणि शेकडा पाचवाल्याला "ओळखीचा आहे, थांबतो" म्हणून ठेवायचा. उलटं करायला हवं होतं. दोन्हीकडचे ठरलेले हप्ते चालू ठेवून वरचा प्रत्येक रुपया महागाकडे वळवायचा. सावकारी करायला महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. बिनपरवाना सावकार त्रास देत असेल तर तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

दुकानातल्या 'फ्लॅट' टक्क्यालाही असंच फसायला होतं. 60 हजारांची वस्तू, 12 टक्के फ्लॅट, 24 महिने, म्हणजे हप्ता 3,100. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 60 हजारांवर. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीसच्या आसपास जातो.

कर्जात असताना भिशी

हे लिहिलं की वहिनी लोक चिडतात. भिशीनं हाताला शिस्त लागते, हे मलाही मान्य. पण लिलावाच्या भिशीत, म्हणजे जो जास्त रक्कम सोडेल त्याला आधी मिळते त्या भिशीत, वीस जणांचे दोन-दोन हजार, जमले 40 हजार, आणि नड आहे म्हणून पहिल्याच महिन्यात आठ हजार सोडून 32 हजार उचलले, तर ते नवं कर्जच झालं. बिनलिलावाची भिशी लावली, तर तिकडे दोन हजार शून्य व्याजानं पडून आणि इकडे कार्डाला महिना साडेतीन टक्के. चालू भिशी अर्ध्यात मोडू नका, त्यानं नाव जातं. नवी मात्र कार्ड संपल्यावर लावा.

हप्ता बाऊन्स होतोय

बहुतेक वेळा कारण साधं असतं. हप्ता पाच तारखेचा, पगार सातला. मग बँकही दंड लावते आणि कर्ज देणाराही, वर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, उशीर दिसतो तो वेगळाच. हप्त्याची तारीख बदलून मिळण्यासाठी लेखी अर्ज करा. कारणासह मागितलं तर बरेच जण देतात.

सिबिल सुधारताना होणारे घोळ

या नोंदीवरून काढलेला स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, 750 च्या वर असला की बँका बऱ्या नजरेनं बघतात. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर स्कोअर उतरत नाही. उतरतो तो महिन्यात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्यावर.

माझी सर्वांत महागडी चूक 'सेटलमेंट'. वसुलीवाल्यानं फोनवर सांगितलं, अर्ध्यात मिटवू. मी खूश. दोन वर्षांनी घरकर्जाला गेलो तेव्हा रिपोर्टात त्या खात्यापुढे 'सेटल्ड' लिहिलेलं निघालं, म्हणजे पूर्ण फेडलं नाही. उरलेली रक्कम भरून खातं 'क्लोज्ड' करून घ्यायला मला चार चकरा पडल्या. तुकड्यांत का होईना, पूर्ण भरता येत असेल तर तोच रस्ता धरा आणि शेवटी ना-देय दाखला हातात आल्याशिवाय उठू नका.

किराण्याची वही, भिशी, मेव्हण्याचे पैसे सिबिलला दिसत नाहीत. बायकांच्या गटाला मायक्रोफायनान्स कंपनीनं दिलेलं कर्ज मात्र दिसतं. आणि जामीनदाराच्या नावावरही ते कर्ज दिसतं! "फक्त सही कर की" म्हणणाऱ्या दोस्तानं हप्ते थकवले की आपला स्कोअर आपल्याला न सांगता पडतो.

कर्ज फिटल्याच्या आनंदात जुनं कार्ड लगेच बंद करू नका, वार्षिक फी नसेल तर. जुन्या खात्याचं वय उपयोगी पडतं. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवून दर महिन्याला पूर्ण बिल भरा. कार्डच मिळत नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. "सिबिल वाढवून देतो" म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांच्या नादी लागू नका, खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. चुकीची नोंद असेल तर तक्रार ऑनलाइन आणि फुकट होते. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

रिपोर्ट उघडलात की स्कोअरआधी नाव, पॅन आणि पत्ता बघा. माझ्या रिपोर्टात अशोक चौकातल्या जुन्या भाड्याच्या खोलीचा पत्ता होता. बँकेच्या नोटिसा दोन वर्षं तिथं जात होत्या आणि घरमालकीणबाई त्या जपून गॅसच्या पुस्तकात ठेवत होत्या.