लाइव्ह स्ट्रीमिंगची कमाई आणि आयकर : या चुका टाळा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठापेठांतले चॅनेल लाइव्ह होतात. कुणी जोतिबाची यात्रा दाखवतं, कुणी रात्र जागून गेम खेळतं. पोरं जीव तोडून काम करतात, पैसेही मिळवतात. पण रिटर्न भरायची वेळ आली की बँकेत जमा झालेली रक्कम हेच उत्पन्न, असं धरून चालतात. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

अमेरिकेतली कपात आधी बघा, कारण फुकट नुकसान इथेच होतं. पेठेतली मॅच न्यू जर्सीत बसलेला कोल्हापूरकरही बघतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या यूट्यूबच्या कमाईवर गूगल जून 2021 पासून तिथला कर कापून घेतं. अ‍ॅडसेन्समध्ये, म्हणजे गूगल पैसे देतं त्या खात्यात, डब्ल्यू-8बेन हा अमेरिकेचा कर फॉर्म भरून भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागितला असेल तर 15 टक्के, आणि तोही फक्त अमेरिकेच्या हिश्श्यावर. फॉर्मच भरला नसेल तर जगभरच्या कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. समजा महिन्याला 50,000 रुपये झाले, त्यात अमेरिकेचे 6,000. फॉर्म भरणाऱ्याचे 900 जातात, न भरणाऱ्याचे 12,000 पर्यंत! आजच्या आज अ‍ॅडसेन्स उघडून हे तपासा.

रिटर्नमध्ये मात्र हातात आलेले 49,100 नव्हे, पूर्ण 50,000 दाखवायचे. कापलेल्या 900 चं क्रेडिट, म्हणजे तेवढी सूट भारतातल्या करात मिळवायला 2025-26 च्या उत्पन्नासाठी फॉर्म 67 भरावा लागतो. भारतात तुमचा कर शून्यच येत असेल तर या क्रेडिटचा उपयोग नाही. अमेरिकेला गेलेले पैसे आपलं सरकार परत देत नाही.

सुपरचॅट (प्रेक्षकांनी लाइव्हमध्ये पैसे देऊन पाठवलेले मेसेज) आणि स्क्रीनवरच्या क्यूआर कोडवर आलेले पैसे ‘प्रेक्षकांनी प्रेमानं दिलेत, 50,000 पर्यंतचं गिफ्ट माफ असतं’ म्हणून सोडून देतात. तुमच्या कामामुळे आलेला पैसा तो. व्यवसायाच्या जमेतच धरा.

कंपनीनं रिव्ह्यूसाठी पाठवलेला फोन परत केला तर प्रश्न नाही. ठेवून घेतला तर त्याची किंमत तुमचं उत्पन्न. वर्षभरात एका कंपनीकडून अशा वस्तू 20,000 रुपयांवर गेल्या तर 1 जुलै 2022 पासून 10 टक्के टीडीएस (देणाऱ्यानं आधीच कापून भरायचा कर) लागतो. 35,000 चा फोन असेल तर 3,500. ही नोंद तुमच्या पॅनवर दिसते, त्यामुळे रिटर्न भरण्यापूर्वी 26एएस आणि एआयएस (आयकर पोर्टलवरची तुमच्या कराची आणि व्यवहारांची पत्रकं) उघडून प्रत्येक ओळ आपल्या हिशेबाशी ताडून बघा.

शिरोली एमआयडीसीत नोकरी आणि संध्याकाळी चॅनेल, असं असेल तर रिटर्नचा आयटीआर-1 हा फॉर्म चालत नाही. आयटीआर-3 किंवा 4 लागतो. 2025-26 च्या कर निर्धारण वर्षापासून (म्हणजे 2024-25 च्या उत्पन्नापासून) फॉर्ममध्ये इन्फ्लुएन्सरसाठी 16021 हा वेगळा कोड आला आहे, डॉक्टर-वकिलांसारख्या पेशेवाल्यांच्या गटात. म्हणून अंदाजित नफ्याच्या योजनेत (खर्चाचा हिशेब न दाखवता जमेच्या ठरावीक टक्के नफा धरतात) दुकानदारासारखे ‘6 टक्के नफा’ लावून मोकळं होऊ नका. सीएशी बोलून ठरवा.

नव्या करप्रणालीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो. पावणेतेरा लाखांचा आकडा पगारदारांचा आहे, फक्त चॅनेलवर जगणाऱ्याला 75,000 ची प्रमाणित वजावट नाही. आणि कर शून्य आला तरी कापलेला टीडीएस रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही.

आता खर्चाचं. प्रत्यक्ष खर्च दाखवणाऱ्यांनी राजारामपुरीतून कॅमेरा घेताना रोख मोजू नये. एका दिवशी एकाच माणसाला 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही. पक्कं बिल घ्या, पैसे खात्यातून द्या. लॅपटॉपवर वर्षाला 40 टक्के घसारा (वस्तूच्या झिजेपोटीची वजावट) मिळतो, कॅमेऱ्यावर 15. घेतलेल्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10,000 किंवा जास्त येत असेल तर मार्चपर्यंत थांबू नका. आगाऊ कराचे हप्ते 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्चला असतात. चुकले की महिन्याला 1 टक्का व्याज. अंदाजित नफ्याच्या योजनेत असाल तर सगळा कर 15 मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो.