आयात परवान्याचा अर्ज परत आला तेव्हा

टोमॅटोच्या ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस या रोगकारक विषाणूचा नमुना संशोधनासाठी बाहेरून मागवायचा होता. माझा अर्ज पहिल्याच फेरीत परत आला. मी लिहिलं होतं, 'फक्त शुद्ध आरएनए (विषाणूची जनुकीय सामग्री) येणार आहे, अख्खा विषाणू नाही, त्यामुळे धोका नाही.' शेरा एका ओळीचा होता: हा आरएनए संसर्गक्षम आहे.

शेरा बरोबरच होता. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा नुसता आरएनए पानावर चोळला तरी रोग होतो, हे १९५६ सालीच दाखवलं गेलंय आणि हा विषाणू त्याच टोबॅमोव्हायरस गटातला. प्रथिनाचं आवरण काढलं म्हणून तो निरुपद्रवी होत नाही.

मग अर्ज मुळापासून नव्याने लिहिला. पीसीआर, म्हणजे विषाणू ओळखायच्या चाचणीत, तुलनेसाठी लागणाऱ्या नमुन्याला (कंट्रोल) आवरण-प्रथिनाच्या जनुकाचा छोटा कृत्रिम तुकडा पुरतो, त्यातून संसर्ग होऊच शकत नाही. तेवढा भाग वेगळा काढला. रोपांवरच्या प्रयोगाला मात्र खरा विषाणू हवाच होता. तिथे आयसोलेट (रोगट झाडातून वेगळा केलेला विषाणू) कुठला, मूळ पीक कोणतं, नळ्या किती, ठेवणार कुठे, सगळं मांडलं.

आधी मी कीटकरोधक जाळीवर अर्धं पान खर्च केलं होतं. पण हा विषाणू सहज पसरतो तो हात, कपडे, कात्री यांवरून! म्हणून आता हातमोजे, खोलीबाहेर न जाणारे एप्रन, ऑटोक्लेव्ह केलेली (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेली) माती आणि कुंड्यांतून निथळणारं पाणी यांवर भर दिला. शेवटी रोपं कोण, कशी नष्ट करणार तेही लिहिलं.

दुसऱ्या वेळी एकच प्रश्न आला, कुंड्यांखालच्या ट्रेच्या निर्जंतुकीकरणाबद्दल. उत्तर पाठवलं आणि परवाना मिळाला.