खणून आणलेल्या मातीची भांडी करायची असतील तर

चाक वगैरे नंतर बघू, आधी माती. स्वतः खणलेल्या मातीत निम्म्याहून जास्त काम तिला ओळखण्यात आणि साफ करण्यातच जातं आणि नेमका तोच भाग लोक उरकून टाकतात.

वरचा थर घेऊ नका, त्यात मुळं आणि पालापाचोळा असतो. ओढ्याचा कापलेला काठ किंवा कुठे खोदकाम चालू असेल तर खालची चिकणमाती आयती दिसते (जागा दुसऱ्याची असेल तर विचारून घ्या, आणि काठाखाली पोखरत बसू नका, वरून ढासळतं). मूठभर माती पाणी लावून मळा, पेन्सिलएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरली नाही तर उत्तम, बारीक भेगा पडल्या तरी चालवून घेता येतं, तुकडेच पडले तर दुसरीकडे खणा.

मग वाळलेल्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका, फसफसलं तर मातीत चुना आहे. ही टेस्ट अजिबात टाळू नका, कारण चुनखडीचा खडा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, नंतर हवेतली ओल ओढून फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याचा टवका उडतो, तोही कधी कधी काही दिवसांनी! टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजायचं.

साफ करताना माती आधी कडकडीत वाळवा. ओलसर ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहतं, वाळलेलं मात्र बुडबुडे सोडत आपोआप सुटतं. रात्रभर भिजवून ढवळा, मिनिटभर थांबा म्हणजे वाळू खाली बसेल, वरचं गढूळ पाणी बारीक चाळणीतून दुसऱ्या बादलीत ओता. गाळ बसला की निवळ पाणी काढून टाका आणि गाळ सुती कापडात बांधून टांगून ठेवा, कणकेइतका घट्ट झाला की मळायला घ्या.

आता एक छोटी पट्टी करून तिच्यावर 10 सेंमीची रेघ मारा, वाळल्यावर मोजा. 9.3-9.4 भरली तर ठीक, 9 च्या खाली गेली तर भांडं वाळतानाच तडकणार, मग बारीक वाळू किंवा कुटलेल्या खापराची भुकटी 10 ते 20 टक्के मिसळा. समुद्राची वाळू नको, त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

पहिली भांडी लहानच करा, वळ्या एकावर एक रचून, जाडी सगळीकडे सारखी. सावलीत, झाकून, हळूहळू वाळवा. वाळलं का ते बघायला भांडं गालाला लावा, गार लागलं तर आत अजून ओल आहे आणि असं भांडं आगीत गेलं की वाफ होऊन फुटतं.

उघड्यावर भाजत असाल तर आधी आगीच्या कडेला बराच वेळ तापवा, मग हळूहळू आत सरकवा आणि भांडं स्वतः लाल दिसेपर्यंत लाकूड घालत राहा. साधारण 600 अंशांच्या वर गेल्याशिवाय माती पक्की होत नाही, पाण्यात परत चिखल होते. इलेक्ट्रिक भट्टी असेल तर थेट 1200 ला टाकायची घाई नको, लोह जास्त असलेली माती तिथे वितळून खालच्या फळीला चिकटते, आधी 1000 ला एक तुकडा जुन्या बशीत ठेवून बघा. भट्टी पूर्ण गार झाली की भांडं बाहेर काढून बोटाने वाजवा, टणटण वाजलं तर जमलं, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.