सायकलवरचं खाणं-पिणं: सराव इंदूरला, शर्यत गोव्याला

ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीत, पोहताना काही खाता येत नाही आणि धावताना पोट फारसं काही घेत नाही. दिवसभरात जे पोटात जायचं, त्यातलं बहुतेक सायकलवरच जायला हवं. हाफ, म्हणजे अर्ध्या अंतराच्या शर्यतीत सायकल ९० किलोमीटर. ताशी २७च्या वेगाने ३ तास २० मिनिटं. फुल अंतरात १८० किलोमीटर, आणि वेळ दुपटीपेक्षा जास्तच, कारण तेवढा वेग टिकत नाही. धावताना पाय गळाले की लोक धावण्याच्या सरावाला दोष देतात. बऱ्याचदा गडबड सायकलच्या दुसऱ्या तासात झालेली असते.

इंदूरकरांची एक जादा अडचण आहे. सराव होतो सुपर कॉरिडॉरवर, उज्जैन रोडवर, फार तर खंडवा रोडने सिमरोलच्या पुढच्या घाटात. शर्यत असते गोव्यात, समुद्राकाठी. पावसाळा सोडला तर आपली हवा कोरडी. घाम आला तसा उडून जातो, जर्सीवर फक्त मिठाचे पांढरे पट्टे उरतात आणि आपल्याला घाम कमीच येतो असा समज होतो. गोव्यात घाम उडत नाही, नुसता गळतो. अंग थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम सोडतं. डिसेंबरात बायपासवर ठरवलेला पाण्याचा आकडा तिथे चालत नाही.

आधी घाम मोजा

लघवी करून, कपडे उतरवून, दशांश दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या. भरलेली बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेगळी मोजा. एक तास शर्यतीच्याच जोराने सायकल चालवा. आल्यावर अंग नीट पुसून पुन्हा कपड्यांशिवाय वजन, आणि बाटलीचंही. वजन ७०.० वरून ६९.२ किलोवर आलं आणि मधल्या वेळात ५०० मिलि प्यायलात, तर घाम गेला १.३ लिटर. मध्ये लघवीला थांबलात तर ती चाचणी बाद धरा.

ही चाचणी किमान दोनदा करा. एकदा रस्त्यावर, आणि एकदा ऑगस्टच्या दमट दिवशी घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर), खिडक्या लावून, पंखा मंद ठेवून. दुसरा आकडा गोव्याच्या जवळ जाईल. गरगरलं तर तिथेच थांबा. चाचणी पूर्ण करण्याची जिद्द इथे कामाची नाही.

गेलेला सगळा घाम भरून काढायचा नसतो. बहुतेकांना तासाला ५०० ते ७५० मिलि पुरतं, फार घाम येणाऱ्यांना ९००पर्यंत लागतं. सत्तर किलोच्या माणसाचं वजन शेवटी दीड किलोने उतरलं तर चालतं. वजन वाढलेलं मात्र अजिबात चालत नाही; त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

साखर, मीठ आणि पाणी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण तिन्ही गोष्टी एकाच बाटलीत घालून लोक एकच हिशोब करतात. तहान लागली की पाणी जास्त हवं असतं, साखर जास्त नको असते. पण बाटली एकच असली की दोन्ही एकत्रच जातात, आणि पोट फुगतं.

साखरेचं असं आहे. आतडं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमपर्यंत आत घेतं. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे, म्हणून दोन्ही मिळून ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं; सरावलेलं पोट त्याहून थोडं जास्तही घेतं. घरातल्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं. माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पावडर म्हणजे नुसतं ग्लुकोजच, पण गोडी अगदी नावाला. म्हणून ४० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन मिळून ६० ग्रॅमचा तास होतो आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण बरोबर २:१ बसतं. ९० ग्रॅमच्या तासाला ६० आणि ३० घ्या. माल्टोडेक्स्ट्रिन मिळालं नाही तर तासाला ६० ग्रॅमपर्यंत नुसती साखरही चालते, फक्त ती फार गोड लागते. औषधांच्या दुकानातली ग्लुकोज पावडर मात्र मुख्यतः ग्लुकोजच असते. ६० ग्रॅमच्या वर ती पोटात पडून राहते आणि पाणी ओढून घेते.

आता मीठ. एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं. सुरुवात तासाला दीड ग्रॅम मिठाने करा, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव भाग. सोडियम साधारण ५९० मिलिग्रॅम. टोपीच्या पट्ट्यावर आणि शॉर्ट्सवर जाड पांढरे थर येत असतील तर दोन ग्रॅमपर्यंत जा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना दाखवूनच वापरा.

ओआरएसबद्दल गैरसमज खूप आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरच्या पुडीत सोडियम सुमारे १,७०० मिलिग्रॅम आणि ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम. म्हणजे ते मिठाचं पाणी आहे, इंधन नव्हे. दोन बाटल्या ओआरएस पिऊन ‘एनर्जी घेतली’ असं समजणारा चाळीसाव्या किलोमीटरनंतर रिकामा पडतो. शिवाय लिटरची अख्खी पुडी ७५० मिलिच्या बाटलीत ओतू नका.

बाटली कशी भरायची

हाफसाठी सोयीची मांडणी: फ्रेमवर एक दाट बाटली आणि एरोबारच्या (हँडलवर पुढे झुकून हात टेकवायच्या दांड्यांच्या) मध्ये साध्या पाण्याची. दाट बाटलीत तीन तासांचा माल: १२० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन, साडेचार ग्रॅम मीठ, अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस. आधी अर्धी बाटली कोमट पाणी, मग पावडर, हलवा, मग वरपर्यंत पाणी. उलट क्रमाने केलंत तर तळाशी गोळा बसतो आणि तोच पुढे झडपेत अडकतो. लिंबातल्या बिया आणि चोथा यांचंही तेच.

बाटलीवर मार्करने दोन आडव्या रेघा मारा, म्हणजे तीन भाग. एका तासाला एक भाग. डोकं तापलेलं असताना बेरीज जमत नाही, रेघ मात्र दिसते. दाट घोट घेतला की त्यावर लगेच साध्या पाण्याचे दोन-तीन मोठे घोट घ्यायचे. हे चुकलं तर पोट तुंबलंच म्हणून समजा. पाणी मदतकेंद्रावर पुन्हा भरता येतं, साखरेचा हिशोब त्यामुळे बिघडत नाही.

दाट बाटलीचा एकच मोठा धोका: ती पडली तर सगळंच गेलं. आणि आपल्याकडे गतिरोधक कुठे येईल सांगता येत नाही. सीटमागच्या केजमधून (बाटली अडकवायच्या पिंजऱ्यातून) बाटली उडते ती बहुतेक तिथेच. भरलेल्या बाटल्या लावून खराब सर्व्हिस रोडवर एकदा मुद्दाम वेगात जाऊन बघा. ॲल्युमिनियमची केज असेल तर आत थोडी वाकवा. कार्बनची वाकवू नका, तुटते. तिच्या आतल्या बाजूला ग्रिपची टेप लावा किंवा बाटलीभोवती जुन्या ट्यूबचा कापलेला रबर चढवा. तरीही वरच्या नळीवरच्या छोट्या पिशवीत चार जेल (दाट गोड पाकाची पाकिटं) असू द्या. तासाला ७० ग्रॅम धरले तर ३ तास २० मिनिटांना साधारण २३३ ग्रॅम लागतात: बाटलीतले १८० आणि २५-२५ ग्रॅमची दोन जेल. उरलेली दोन पडलेल्या बाटलीसाठी. जेलचं रिकामं पाकीट खिशात कोंबा; ठरलेल्या जागेबाहेर कचरा टाकला तर दंड लागतो.

फुलसाठी हे पुरत नाही. चार तासांनंतर गोडाचा असा वीट येतो की जेल तोंडाजवळ नेववत नाही. तेव्हा मिठाचे उकडलेले बटाटे कामी येतात: सालं काढून, लहान तुकडे, फॉइलमध्ये. १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम कर्बोदकं. केळं आणि बी काढलेले खजूर पहिल्या तीन तासांत संपवा. शेंगदाण्याची चिक्की नको. दाण्यातली चरबी पोट सावकाश रिकामं करते आणि एरोबारवर झोपून चावताना ठसका लागतो. बटाट्यावर जिरावण (इंदुरी तिखट मसाला) भुरभुरण्याचा मोह आवरा. तिखटाचा हिशोब धावताना चुकता करावा लागतो.

सायकलवर चढल्यानंतर

पहिली १० ते १५ मिनिटं फक्त पाण्याचे घोट. समुद्राचं खारं पाणी आणि हवा पोटात गेलेली असते, नाडी वर असते. नंतर घड्याळाचा गजर दर १५ मिनिटांनी. तहानेची वाट बघायची नाही, पण गजर झाला म्हणून अर्धी बाटलीही रिचवायची नाही; दोन-तीन घोट. चढ येणार असेल तर त्याच्या पाच मिनिटं आधी खा, चढावर नको. सिमरोलच्या घाटात याचा सराव उत्तम होतो.

मदतकेंद्रावर बाटली डाव्या हाताने घेणार असाल तर उजव्या हाताखाली कोणता ब्रेक आहे ते आधी पाहून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजवीकडे पुढचा असतो. एका हाताने पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर बाटलीऐवजी रस्ता हातात येईल.

पोट डचमळायला लागलं, ढेकर अडकले, तर कारण बहुधा तीनपैकी एक: जोर जास्त, माल दाट, पाणी कमी. जोर वाढला की रक्त पायांकडे जातं आणि पचन मंदावतं. दहा-पंधरा मिनिटं वेग उतरवा, फक्त पाण्याचे छोटे घोट घ्या, मग निम्म्या प्रमाणात पुन्हा सुरू करा. ‘मागे राहिलेलं’ भरून काढायला एकदम दोन जेल घेणं हा सगळ्यात वाईट उपाय.

उलट बाजूचा, म्हणजे पाणी जास्त होऊन वजन वाढण्याचा धोका जास्त गंभीर आहे. बोटं सुजणं, घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ, बोलताना गोंधळ. आणि पाणी मात्र भरपूर प्यालेलं. रक्तातलं सोडियम उतरल्याची ही लक्षणं असू शकतात. आणखी पाणी पिऊ नका, थांबा आणि वैद्यकीय पथकाला गाठा.

शेवटची वीस-तीस मिनिटं घन काही नको. एक जेल, पाणी, आणि जोर किंचित कमी.

पोटाची सवय आणि प्रवास

तासाला ९० ग्रॅम पहिल्याच रविवारी जमत नाहीत. ४० ग्रॅमपासून सुरू करा, दर आठवड्याच्या लांब राइडला १० वाढवा, आणि जे शर्यतीत वापरणार तेच वापरा. सकाळचा नाश्ता तीन तास आधी: साधे पोहे. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत साधारण ७६ ग्रॅम कर्बोदकं असतात. शेव, कांदा, जिलेबी हे सगळं राइड संपल्यावर.

पावडरी घरीच तोलून बाटलीगणिक पुड्या बांधा आणि पुडीवर आत काय आहे ते लिहा. विमानतळावर नाव नसलेली पांढरी पावडर समजावत बसणं कुणालाच आवडत नाही. सायकल आदल्या दिवशी ट्रान्झिशनमध्ये (पोहून आल्यावर सायकल घ्यायच्या जागी) ठेवावी लागली तरी साखरेच्या बाटल्या लावून येऊ नका. उकाड्यात रात्रभरात त्या आंबू शकतात. शर्यतीच्या पहाटे मिसळा, पहाटेच लावा. घरी आल्यावर झडप उघडून खाण्याच्या सोड्याने घासा, काळी बुरशी तिथेच धरते. आणि धुण्याआधी बाटलीत किती उरलं ते रेघेवर बघून लिहून ठेवा. पुढच्या वेळचं प्रमाण त्यावरून ठरवायचं आहे.